परकी वस्तू

शेफील्ड. मंगळवारच्या यादीतलं तिसरं नाव:
विल्फ स्टॅनिफर्थ, वय एकाहत्तर,
जन्मभर छिन्न्या आणि पटाश्या घडवणारा.
उजवा डोळा. आत परकी वस्तू.

पंधरा महिन्यांपूर्वी, त्यानं सांगितलं,
मागच्या शेडमध्ये जुन्या छिन्नीवर हातोडा घातला
आणि काहीतरी चावलं.
डास असेल. डोळा चोळला, चहा घेतला,
काम पुरं केलं.

ही जात फार दुखत नाही.
आत शिरते, पडद्याशी जाऊन
गुमान बसते.
मग एका सकाळी बायको म्हणाली,
विल्फ, तुझा एक डोळा
माझ्या ओळखीचा राहिला नाही.
निळ्याचा तपकिरी होत चालला होता.
लोखंड ओल्यात ठेवलं की आणखी काय होणार.

चुंबकाच्या मशीनमध्ये घालण्याआधी
विचारावंच लागतं: कधी धातूचं काम केलंय?
तो हसला. बाई, या गावात
दुसरं काय केलंय कुणी?
मशीन रद्द केलं. सीटीत सापडला
तिळाहून लहान पांढरा ठिपका.

फॉर्म भरताना पेन अडलं माझं.
हे पोलाद इथलंच, डॉन नदीच्या काठचं,
जिथं हा जन्मला तिथून दीड मैलावर ओतलेलं.
भूल द्यायला लागोसचा अडेओला,
हत्यारं मांडायला पाल्याची लिसम्मा,
आणि मी सातपूरची, लेथवाल्याची मुलगी.
कागदावर परकी मात्र ती.
असो. लिहिलं.

तीन भोकं: एकातून पाणी,
एकातून उजेड, एकातून मी.
डोळा आतून पपईच्या गराच्या रंगाचा असतो.
एवढी वर्षं झाली तरी दर वेळी
क्षणभर हात थांबतो.
कणाभोवती शरीरानं पातळ पापुद्रा विणला होता;
हाकलता आलं नाही तर
निदान पांघरूण घालावं, तसा.
तो मी सोडवला. मग चुंबकाची सुई
जवळ नेली, टेकवली नाही अजून,
तोच ती उठली. आपण होऊन.
हजेरीत नाव आल्यावर
शेवटच्या बाकावरची मुलगी उठते तशी.

आई पदराचा बोळा करायची.
त्यावर तोंडानं ऊब द्यायची, डोळ्यावर दाबायची,
मग विचारायची, गेलं?
बाबांना रोज विचारायची, कारखान्यातून आल्यावर,
चपला काढायच्या आधी.
एकदा ते गेलं म्हणाले, आणि गेलं नव्हतं.
त्याबद्दल आमच्या घरात
कुणी फारसं बोलत नाही.

ताटलीत कण पडला. आवाज
झालाही नसेल, मी ऐकला.
आणि तोंडातून निघून गेलं: गेलं.
लिसम्मानं मान वर केली.
चादरीखालून, जागाच होता तो, विल्फ म्हणाला,
काय गेलं?

आत हवेचा बुडबुडा भरून
आठवडाभर त्याला पालथं ठेवलं.
जमिनीखेरीज काही बघायचं नाही.
वॉर्डात मला तो बुटांवरून ओळखायचा.
कण हवाय, म्हणाला. बाटलीत घालून दिला.
बोटांत धरून फिरवत राहिला,
दिसत नव्हतं तरी. मग म्हणाला,
माझ्याच छिन्नीचा आहे. पाणी नीट दिलं नव्हतं मी.
घाई होती त्या दिवशी.

तिसऱ्या आठवड्यात आला ताठ बसून.
नजर किती परतेल सांगता येत नाही, मी म्हणाले,
गंजानं बरंच खाल्लंय.
तो दुसरंच सांगायला आला होता:
बुडबुडा अर्ध्यावर उतरलाय, आणि डोळ्यात
आडवी रेघ दिसते. मान तिरकी केली
तरी रेघ सपाट.
पाणसळ बसवलीस तू माझ्यात, बाई.
काल शेडमधलं फळकूट त्या रेघेशी ताडून पाहिलं.
चाळीस वर्षं झाली ठोकून.
वाकडं आहे.